आपल्या रस्त्याचा इतिहास घरातल्या लग्नपत्रिकांवरून कसा काढायचा

प्रत्येक घरात एक पिशवी असते. कपाटाच्या वरच्या फळीवर, नाहीतर देवघराखालच्या खणात. आलेल्या लग्नपत्रिका तिच्यात टाकत जायच्या, कारण वर गणपतीचं चित्र असतं आणि गणपती केरात टाकवत नाही. ती पिशवी आधी खाली काढा. तुमच्या दारासमोरच्या रस्त्याचा निम्मा इतिहास तिच्यात आहे.

मी पोस्टमन होतो. १९८५ साली लागलो, २०२१ ला निवृत्त झालो. मधली बरीच वर्षं माझं बीट, म्हणजे टपाल वाटायचा भाग, ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर होता, आधी सायकल, नंतर मोटरसायकल. आता राहायलाही इथेच, कासारवडवलीत. नातीला शाळेतून ‘आपला परिसर’ असा प्रकल्प मिळाला, तेव्हा तिने इंटरनेटवरून पोर्तुगीज, घोडे आणि किल्ला एवढं उतरवून आणलं. मी म्हटलं, हे खरं आहे, पण हा रस्त्याच्या एका टोकाचा इतिहास झाला. आपण मधे राहतो, त्या मधल्याचं काय? तिथून हे काम सुरू झालं. मला जे जमलं ते क्रमाने सांगतो. तुमचा रस्ता ठाणे-बेलापूरचा असो, कळवा-मुंब्र्याचा असो, रीत तीच चालेल.

पत्रिका वर्षावार लावा. मुखपृष्ठ बघू नका, नावंही बघू नका. खाली कोपऱ्यात निमंत्रकांचा पत्ता असतो आणि मधे ‘विवाहस्थळ’ असतं, त्या दोनच ओळी वाचायच्या. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या मिळून साठ-सत्तर पत्रिका झाल्या. जमिनीवर ओळीने मांडल्यावर त्यांचे आपोआप तीन ढीग पडले.

पहिल्या ढिगात पत्ता असा: ‘मु. ओवळा, ता. जि. ठाणे’. विवाहस्थळ ‘वराचे राहते घरी’ किंवा ‘वधूमंडपी’. एवढ्यावर पत्र पोचायचं. मी स्वतः पोचवलंय. गावाचं नाव आणि माणसाचं नाव पुरे, पाड्यात शिरलं की पोरंच पुढे पळत घर दाखवायची. या ढिगातल्या एकाही पत्रिकेवर ‘घोडबंदर रोड’ हे शब्द नाहीत. रस्ता तेव्हाही होताच, याच गावांच्या कडेने जात होता. पण तो पत्त्यात नव्हता. गाव हा पत्ता होता. रस्त्यावरून फक्त जायचं-यायचं.

दुसऱ्या ढिगात रस्ता येतो आणि सोबत खुणा येतात. ‘घोडबंदर रोड, अमुक कंपनीच्या गेटसमोर’, ‘पेट्रोल पंपाच्या मागे’, ‘बस स्टॉपजवळ’. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ ला झाली आणि ही गावं हळूहळू शहराच्या हिशेबात आली. घरमालकांनी चाळी बांधल्या, भाडेकरू आले, एका गावात एका नावाचे चार-चार लोक झाले. मग खुणेशिवाय पत्र पोचेना. ‘अपुरा पत्ता’ असा शेरा मारून परत पाठवलेली पाकिटं याच काळात सर्वात जास्त होती, हे मी माझ्या हाताच्या आठवणीवरून सांगतो.

तिसऱ्या ढिगात गाव जवळजवळ पुसलं जातं. ‘फ्लॅट, विंग, टॉवर, घोडबंदर रोड, ठाणे (प.)’. आधी जो रस्ता पत्त्यात नव्हता, तोच आता पत्ता झाला. विवाहस्थळ एखादं लॉन्स, आणि खाली चौकोनी कोड, मोबाइल धरला की नकाशा उघडतो.

ढीग लावताना आगरी घरातली एखादी अलीकडची पत्रिका हाताशी आली तर ती वेगळी काढून नीट वाचा. माझ्याकडे एक आहे. तिच्यात हळदी समारंभाचा पत्ता आणि लग्नाचा पत्ता वेगवेगळा छापलाय. हळद ‘राहते घरी’, पाड्याच्या नावानिशी. दुसऱ्या दिवशीचं लग्न हायवेलगतच्या लॉन्सवर, पार्किंगच्या सोयीसकट. एकाच कागदावर पहिला ढीगही आहे आणि तिसराही. नातीने ती पत्रिका वहीच्या मधोमध चिकटवली.

इथे एक सावधगिरी. मी नव्वदच्या दशकातल्या एका पत्रिकेवर ‘घोडबंदर हायवे’ असं वाचलं आणि वहीत लिहून टाकलं की या सुमारास रस्त्याचा हायवे झाला. नंतर त्याच वर्षाच्या चार पत्रिकांवर ‘रोड’च सापडलं. पत्रिका छापणारा माणूस गिऱ्हाईक सांगेल ते छापतो. पत्ता म्हणजे सरकारी नोंद नव्हे. माणसाला स्वतःचं ठिकाण कसं सांगावंसं वाटतं, ते त्यात दिसतं. दोन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत, पण वहीत त्यांचे रकाने वेगळे ठेवा. कागदोपत्री हा रस्ता राज्य महामार्ग आहे, हे सरकारी नोंदीच्या रकान्यात जातं.

आणि दुसऱ्याच्या पत्रिका मागून आणल्या तर काम झाल्यावर परत करा. फोटो काढताना नावांवर कागद ठेवा. पत्ता वाचायचा, घर सांगायचं नाही. आमच्या नोकरीत पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट आहे ही.

पत्रिका झाल्या की पिनकोड बघा. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे पिनकोड आहे. पहिले तीन आकडे टपालाची छाटणी कुठल्या जिल्ह्यात करायची ते सांगतात, शेवटचे तीन बटवडा करणारं पोस्ट. मानपाड्याच्या बाजूला ४०० ६०७ चालतो, आणि त्या पोस्टाचं नाव सँडोज बाग. कोलशेतला सँडोज नावाच्या परदेशी कंपनीचा रंग-रसायनांचा कारखाना होता, त्यावरून. कंपनीचं नाव त्या जागेवरून केव्हाच गेलं, पोस्टाच्या शिक्क्यात मात्र राहिलं. पोखरण रोडकडे वळलात तर ४०० ६०६, पोस्ट जेकेग्राम. ते रेमंडच्या कापड गिरणीच्या वसाहतीचं नाव. कासारवडवलीच्या पत्त्यावर ४०० ६१५ लिहितात. तुमच्या रस्त्यावरची पोस्टांची नावं एका कागदावर लिहून काढा. पोस्ट कुणासाठी उघडलं होतं ते नावावरून कळतं, आणि त्यावरून रस्त्यावर तेव्हा कुणाचं चालत होतं तेही कळतं.

यानंतर बसच्या थांब्यांची नावं. कापूरबावडीला बसमध्ये बसा, खिडकीशी, आणि कंडक्टर हाका मारील तशी लिहीत चला. सर्वात जुनी नावं माणसांनी ठेवलेलीच वाटत नाहीत: वाघबीळ, गायमुख, ओवळा. ओवळ म्हणजे बकुळीचं झाड, आमच्याकडे जुनी माणसं अजून तसंच म्हणतात. मग पाडे: मानपाडा, पातलीपाडा, डोंगरीपाडा, भाईंदरपाडा, मोघरपाडा. मग धंद्याचं नाव: कासारवडवली. मग संस्था, तत्त्वज्ञान विद्यापीठ. मग करमणूक, सूरज वॉटर पार्क. मग वसाहती आणि मॉल. हायपरसिटी नावाचं मोठं दुकान होतं, त्याची पाटी उतरून वर्षं झाली, पण रिक्षावाल्याला ‘हायपरसिटी’ म्हटलं की तो बरोबर तिथेच सोडतो. नाव जागेपेक्षा जास्त टिकतं. म्हणून नाव सापडलं की विचारायचं, हे ज्यावरून पडलं ते अजून आहे का? ‘आहे’, ‘गेलं’, ‘माहीत नाही’, असे तीन रकाने करा.

आता या नावांत ‘बंदर’ किती आहेत ते बघा. घोडबंदर. नागला बंदर. खाली कोलशेत, बाळकूम, तीही खाडीकाठचीच. हा रस्ता ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो, तिथे या रस्त्यावरची शंभरातली किती माणसं गेली असतील? नाव टोकाचं आहे, कारण एके काळी माल त्या टोकाला उतरायचा. पोर्तुगिजांच्या काळात तिथे अरबी घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरून घोडबंदर हे नाव पडलं असं सांगतात. १७३७ मध्ये मराठ्यांनी तिथला किल्ला घेतला, १८१८ ला इंग्रजांकडे गेला. या सगळ्या काळात मोठी वाट होती ती पाण्याची, वसईच्या खाडीची. जमिनीवरचा रस्ता तिच्या कडेने चालणारी धाकटी वाट. हे मला किल्ल्याच्या बुरुजावर उभं राहून कळलं, पुस्तकातून नाही. तुम्हीही रस्त्याचा अभ्यास करताना एकदा पाठ रस्त्याकडे करून उभे राहा आणि पाणी कुठे आहे ते शोधा. ठाणे-बेलापूर रोडवर असाल तर एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी. मधे जी पट्टी उरली तिच्यावर मीठ आणि भात होतं, मग एमआयडीसी आली, आणि आता काचेच्या इमारती.

पुढचं काम पायांचं आहे. सकाळी सहा-साडेसहाला निघा, रविवारी. एका वेळी दोन-तीन किलोमीटर, एकाच बाजूने. परत येताना दुसरी बाजू. सर्व्हिस रोडने चाललात तरी नजर जुन्या कडेवर ठेवायची. आता जुनी कड ओळखायची कशी? झाडांवरून. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या जुन्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी वड, चिंच, आंबा लावलेले असत आणि बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे. समोरासमोरची अशी दोन म्हातारी झाडं सापडली की त्यांच्यामधलं अंतर पावलांनी मोजा. रहदारी असेल तर रस्ता ओलांडू नका, डोळ्यांनी अंदाज घ्या. त्या दोन बुंध्यांच्या मधे जेवढं मावेल तेवढाच एके काळचा रस्ता. आमच्याकडे रुंदीकरणात बहुतेक जोड्या गेल्या. एखादं झाड एकटंच मधल्या दुभाजकात किंवा सर्व्हिस रोडच्या कडेला राहिलेलं दिसतं, त्याची जागा वहीत टिपून ठेवा.

दुसरी खूण मैलाचा दगड. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं असतं, राज्य महामार्गाचं हिरवं. ओवळ्याच्या पुढे मला एक सापडला. गटाराच्या भिंतीत निम्मा गाडला गेलेला, वर पानाच्या पिचकाऱ्या, जाहिरातीचे चिकटवलेले कागद. पाणी ओतलं, नारळाच्या शेंडीने घासलं. आधी पांढरा चुना निघाला, त्याखाली हिरवा तेलरंग, त्याखाली पुन्हा पांढरा, आणि आणखी खाली एक फिकट हिरवा. दरवर्षी पावसाळा संपला की कुणीतरी मैलकामगार डबा-कुंचला घेऊन इथे उकिडवा बसला असणार. अक्षरं ‘घोडबं’ एवढीच, पुढचं सिमेंटच्या आत. मी नातीला बोट लावून ती खोदलेली अक्षरं गिरवायला लावली. दगड सापडला तर उपटू नका, घरी आणू नका. फोटो काढा, जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर लिहा. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा तिथे नवीन गटार झालं होतं आणि दगड नव्हता. ठेकेदाराच्या माणसांना विचारलं, त्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मला अजून वाईट वाटतं. म्हणून सांगतो, दिसला त्याच दिवशी नोंद करा, ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणू नका.

चालण्याइतकंच महत्त्वाचं बोलणं. पण म्हाताऱ्या माणसासमोर वही उघडून ‘जुना इतिहास सांगा’ म्हणू नका. ते दचकतात, किंवा शिवाजी महाराजांपासून सुरू करतात. बारीक प्रश्न विचारा. दळण कुठे न्यायचात? बाळंतपणाला बाई ठाण्याला न्यायची वेळ आली तर कशाने? वरात कुठल्या बाजूने आली? दिवे कधी आले? पहिली बस आठवते का, आणि तिचं तिकीट? रात्री रस्त्यावर कशाची भीती वाटायची?

ओवळ्यातल्या एका आजींना मी असंच दळणाचं विचारलं आणि त्या गवतावर गेल्या. चांदणं असेल त्या रात्री तीनला उठायचं, गवताचा भारा डोक्यावर, सात-आठ बायका एकामागे एक, ठाण्याच्या बाजाराला. मी विचारलं, मधे बसायचात कुठे? त्या म्हणाल्या, “बसलं तर भारा परत डोक्यावर कोण देणार? उभ्यानंच झाडाला टेकायचं.” कुठलं झाड, हे विचारल्यावर त्यांनी तीन झाडं क्रमाने सांगितली, पहिली चिंच, मग वड, मग पुन्हा चिंच. मला तीन विश्रांतीचे थांबे मिळाले, आणि बसथांब्यांच्या आधीचे थांबे ते. नागला बंदराच्या बाजूला एका काकांनी रेतीची गोष्ट सांगितली. खाडीत डुबी मारून, बादलीने तळाची रेती वर काढायची, होडी भरायची, काठावर ट्रक उभे. म्हणजे शेतावरचं गवत ठाण्याकडे गेलं आणि मागाहून खाडीची रेती त्याच रस्त्याने इमारती बांधायला गेली. ज्या इमारतींत आपण आता राहतो त्यांतल्या काही त्याच रेतीच्या असतील.

दोन माणसं दोन गोष्टी सांगतील. दोन्ही लिहा, नावाऐवजी वय आणि गाव लिहा. भांडण सोडवायला कागद आहेत. ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १८८२ चं आहे, तेरावा आणि चौदावा खंड. इंग्रजीत आहे पण इंटरनेटवर फुकट मिळतं, गावाचं नाव घालून शोधा. जमिनीसाठी सातबारा आणि त्याहून जास्त उपयोगाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा. रस्त्यासाठी जमीन गेली असेल तर नोंद तिथे असते. तलाठी कार्यालयात गर्दी असते, सरकारी संकेतस्थळावर जुने स्कॅन केलेले फेरफार बघून मग जा. उपग्रहाचे जुने फोटोही आता घरबसल्या वर्षं मागे सरकवत बघता येतात, मुलांना ते पटकन जमतं. कागदाबद्दल एवढंच पुरे, त्यात अडकलात तर पाय थांबतात.

रस्ता आज कुणाचं काम करतोय हे कळायला मोजणी करा. उड्डाणपुलाखाली किंवा पादचारी पुलावर सुरक्षित जागा बघून पंधरा मिनिटं उभं राहायचं: सकाळी नऊला, दुपारी दोनला, रात्री अकराला. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, आम्ही टपालाची रजिस्टरं अशीच मोजायचो. दुचाकी, रिक्षा, बस, मोटार, टँकर, कंटेनर, एवढेच रकाने. शिवाय नंबरपाट्या: एमएच-०४ आपलं ठाणं, एमएच-४३ नवी मुंबई, एमएच-४६ पनवेल, एमएच-४८ वसई, आणि जीजे म्हणजे गुजरात. माझ्या सकाळच्या कागदावर एमएच-०४ ची गर्दी, रात्रीच्या कागदावर कंटेनर आणि जीजे. जेएनपीटीचा, म्हणजे न्हावा-शेवा बंदराचा माल मुंब्रा बायपासने येतो, माजिवड्याहून या रस्त्याला लागतो, गायमुखचा चढ चढून फाउंटन हॉटेलपाशी अहमदाबाद महामार्गाला मिळतो. अवजड गाड्यांना वेळा ठरवून दिलेल्या असतात म्हणून त्या रात्री एकदम सुटतात. घोडे उतरायचे त्या बंदराकडून माल जायचा थांबला नाही, बंदर फक्त दुसरं झालं. दिवसा हाच रस्ता शाळेच्या बसचा, दूधवाल्याचा आणि ऑफिसला निघालेल्यांचा. गायमुख घाटात एक कंटेनर बंद पडला की दोन्ही जीव एकमेकांत अडकतात आणि पोरांना शाळेतून यायला उशीर होतो. रस्त्याने एकच काम करावं की दोन्ही, हे ठरवणारे इथे क्वचितच पायी चालत असतील, असं मला वाटतं.

हे सगळं मांडायला जुन्या दिनदर्शिकेची पानं उलटी करून एकाला एक चिकटवा. लांब पट्टी झाली पाहिजे. एक किलोमीटरला एक वीत. मधून रस्त्याची रेघ, वरच्या बाजूला येऊरचा डोंगर, खाली खाडी. पेन्सिलीने थांब्यांची नावं, हिरव्याने झाडं, लाल ठिपका जिथे कुणी गोष्ट सांगितली तिथे. पत्रिकांचे पत्ते छोट्या चिठ्ठ्यांवर लिहून जागच्या जागी टाचा. पत्रिका स्वतः चिकटवू नका, पुढे कुणाला तरी त्या मागच्या बाजूने बघायच्या असतील. आमची पट्टी हॉलच्या भिंतीवर मावली नाही, दारातून वळून स्वयंपाकघरात गेली. भाईंदरपाडा ओट्याच्या वर आहे.

उजवीकडे थोडी कोरी जागा सोडा. आमच्या दारात आता मेट्रोचे खांब उभे आहेत. स्थानकांची नावं नातीने वहीत उतरवून घेतली आहेत: कापूरबावडी, मानपाडा, टिकुजिनीवाडी, डोंगरीपाडा, विजय गार्डन, कासारवडवली, गोवनिवाडा, गायमुख. मी बीटवर होतो तेव्हा डोंगरीपाडा लिहिलेली पाकिटं वर्षागणिक कमी होत गेली होती, लोक कॉम्प्लेक्सचंच नाव लिहायला लागले होते. आता ते नाव स्थानकावर मोठ्या अक्षरांत येणार. पुढच्या लग्नसराईत पत्रिकांवर ‘डोंगरीपाडा मेट्रो स्टेशनजवळ’ असं छापून येतं का, ते बघायला मी पिशवी पुन्हा वरच्या फळीवर ठेवली आहे, यावेळी हाताला येईल अशी.